ऊब हीटरमध्ये नसते

मराठवाड्यातल्या आमच्या शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याजवळ जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. लडाखमध्ये नोकरी केलेला माणूस याला थंडीसुद्धा म्हणणार नाही. पण जुन्या लष्करी ट्रकच्या केबिनमध्ये पेडलच्या भोकांतून येणारा वारा पोटऱ्यांना झोंबू लागला की १० अंशही पुरेसे होतात. या गाड्यांत ऊब टिकवायची कशी, एवढंच संपादकांनी विचारलं होतं.

इतिहास थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धातले जीएमसीचे अडीच टनी ट्रक साडेपाच लाखांहून जास्त बनले. पुढे पोलाद आणि जहाजातली जागा वाचवायची म्हणून त्यांची बंद पत्र्याची केबिन जाऊन कापडी छताची उघडी केबिन आली. आपल्याकडचा शक्तिमान जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तो राबला आणि पुढे स्टॅलियन ट्रकने त्याची जागा घेतली.

मला मात्र खिळवून ठेवलं ते मुठीत मावणाऱ्या एका पितळी वस्तूने. शहागंजजवळच्या गॅरेजात ज्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांना मी हीटरबद्दल विचारलं. ते म्हणाले, "हीटर राहू द्या साहेब, आधी थर्मोस्टॅट आहे का ते बघा. आमच्या लोकांनीच काढून फेकलेला असतो."

आणि ते खरंच आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री पहिला हात थर्मोस्टॅटला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेला, घालतो. तो काढला की इंजिनातलं पाणी सकाळपासूनच रेडिएटरमधून फिरत राहतं. हिवाळ्यात इंजिन कोमटच राहतं, तेलात ओल साचते आणि हीटर असला तरी त्यात गरम पाणीच पोहोचत नाही. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी आडवाटेने रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं, म्हणजे उन्हाळ्यातही फायदा नाहीच.

उस्तादांनी एक थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळता सोडला, शेजारी थर्मामीटर ठेवला आणि स्टोव्ह पेटवला. आत मेणाची डबी असते. मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी काढलेली ही युक्ती. यावर ८२ अंशांचा शिक्का होता आणि ८० ओलांडताच कडेला केसाएवढी फट दिसली. वीज नाही, तार नाही. इतकी नेकीने काम करणारी वस्तू आपण भंगारात टाकतो, याचं मला वाईट वाटलं.

थर्मोस्टॅट बसवला की बाकीचं काम साधं, पण चिकाटीचं. रेडिएटरपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा लावून अर्धी जाळी झाकायची, तापमानाचा काटा वर चढला की लगेच काढायचा. बोअरचं क्षार असलेलं पाणी ओतायचं नाही. त्याने हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. पंख्याची मोटर घेताना गाडी ६, १२ की २४ व्होल्टची ते आधी तपासायचं. मग इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याची भोकं रबराने बंद करायची आणि पायाखाली नमदा टाकायचा.

खरा धोका इथेच आहे. भोकं बुजवली की वारा थांबतो, तसा आत शिरलेला धूरही बाहेर पडत नाही. मॅनिफोल्डचं गॅस्केट जळलेलं असेल किंवा सायलेन्सरचा पाइप सडलेला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साचतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस तिला थंडीची गुंगी समजतो. जुन्या पेट्रोल गाड्यांत हा वायू डिझेलपेक्षा कितीतरी जास्त निघतो. कोळशाची शेगडी घेऊन केबिनमध्ये झोपणं तर थेट जिवाशी खेळ. दार-खिडक्या लावून शेगडीजवळ झोपलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

तुमच्या दारात अशी गाडी असेल तर आधी धुराचा मार्ग तपासून घ्या, मग भोकं बुजवा. काच बोटभर उघडी ठेवा. आणि शेगडी केबिनमध्ये कधीही नेऊ नका.