मरणाऱ्याजवळ कोण बसणार?

खाटेवरचा रोगी लाथ झाडतो. शुश्रूषेसाठी जवळ आलेला माणूस मागे हटतो, शेजारचे मेज उलटते, भांडी जमिनीवर पडतात. हे चित्र पंधराव्या शतकातल्या युरोपातल्या ‘आर्स मोरिएंदी’ या पुस्तिकेतले आहे. मरणाची कला हा तिचा विषय. ख्रिस्ती माणसाने अखेरची तयारी कशी करावी हे सांगताना आजारी माणूस चिडतो, घरच्यांवर डाफरतो, हे ती लपवत नाही.

या पुस्तिकेमागे प्लेगची आठवण होती. 1347 ते 1351 या काळात युरोपातला निदान दर तिसरा माणूस दगावला. पापांची कबुली, ख्रिस्तप्रसाद आणि पवित्र तेलाचा अभ्यंग मिळाल्याशिवाय प्राण जाईल, याचीच लोकांना सर्वात मोठी धास्ती. आणि हे विधी करणारे धर्मगुरूही साथीत मरत होते. इंग्लंडमधले बाथ आणि वेल्सचे बिशप राल्फ यांनी जानेवारी 1349 मध्ये पत्रच काढले : धर्मगुरू मिळाला नाही तर सामान्य माणसाजवळ कबुली द्या, पुरुष नसेल तर स्त्रीजवळ द्या.

पुढे 1415 च्या सुमारास, पॅरिसचे धर्मपंडित जाँ जेर्साँ यांच्या लेखनाचा आधार घेऊन, मूळ लॅटिन ग्रंथ तयार झाला. त्याच्या संक्षिप्त आवृत्तीत अकरा चित्रे होती. अविश्वास, निराशा, अधीरता, आध्यात्मिक गर्व आणि मालमत्तेचा लोभ हे मरणाऱ्याला छळणारे पाच मोह. प्रत्येकासमोर धीर देणारे एक चित्र. आणि शेवटी देवदूत आत्म्याला हाती घेतात ते अकरावे. लोभाच्या चित्रात सैतान रोग्याला त्याचे घर, दारूची पिंपे आणि घोडा दाखवतात. निराशेवर उतारा म्हणून खाटेभोवती उभे आहेत ते सगळे चुकलेले लोक : येशूला नाकारणारा पेत्र, पश्चात्तापी मरिया मग्दालिया, येशूशेजारी क्रुसावर टांगलेला चोर.

उशाशी बसणाऱ्यालाही इथे काम आहे. त्याने प्रार्थना म्हणायच्या आणि रोग्याला थेट विचारायचे : पश्चात्ताप झाला आहे ना? ज्यांनी दुखावले त्यांना क्षमा केलीस का? कुणाचे लुबाडले असेल तर ते परत करशील का? बरे होण्याची खोटी आशा मात्र दाखवायची नाही. आजाराचे नाव रोग्यापासूनच दडवणाऱ्या आपल्या घरांनी हा सल्ला जरूर ऐकावा.

ही सोबत आज रुग्णसेवेतही दिसते. श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराच्या वेदनेबरोबर मनाची आणि आत्म्याची वेदनाही हाताळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून ‘शांती अवेदना सदन’ कॅन्सरच्या अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांची विनामूल्य सेवा करते, धर्म न विचारता.

कॅथलिक चर्चनेही पवित्र तेलाच्या अभ्यंगाचा आपला विधी सुधारला. पूर्वी हा अभ्यंग म्हणजे अखेरच्या घटकेचा संस्कार, अशीच समजूत होती. त्यामुळे फादर दारात दिसले की घरात रडारड व्हायची. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी मंजूर केला. आता गंभीर आजारात किंवा थकलेल्या वयातही तो घेता येतो, दुखणे बळावले तर पुन्हाही. म्हणून फादरना निरोप लवकर धाडावा; आजाऱ्याला स्वतःच्या तोंडाने कबुली देता येते, रुसलेल्या भावाला बोलावून घ्या असे सांगता येते, तेव्हाच.