खेळाडू आणि संघशिक्षक : खालिद जमील यांची वाटचाल

‘खेळून का कोणाचें पोट भरतें ?’ हा प्रश्न आमच्या मोताळ्याकडील घराघरांतून विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्या पालकांस दोष देतां येणार नाहीं. ज्याचें सारें वर्ष कपाशीच्या बोंडावर व पावसाच्या लहरीवर अवलंबून असतें, त्यानें मुलाच्या पायांतील चेंडूपेक्षां त्याच्या हातांतील पुस्तकाकडे अधिक काळजीनें पाहावें हें स्वाभाविकच आहे. तथापि शाळा सुटतांच मैदानाकडे धांव घेणारा मुलगाही कांहीं गुन्हा करीत नसतो. या दोघांनींही विचार करावा अशी एका गृहस्थांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांनीं फुटबॉल हाच आपला व्यवसाय केला, आणि खेळण्याचे दिवस सरल्यावर त्याच व्यवसायांत दुसरें व अधिक कठीण असें काम पत्करलें. त्यांचें नांव खालिद जमील.

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजीं कुवेत येथें झाला. १९९० सालीं इराकनें कुवेतवर स्वारी केली आणि आखाती युद्ध पेटलें. त्यानंतर त्यांचें कुटुंब भारतांत आलें, व पुढें मुंबई हीच त्यांची कर्मभूमि झाली. मुंबई हें फुटबॉलचें जुनें माहेरघर. तेथील रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ सालीं सुरू झाले होते. १९९७ सालीं जमील यांस महिंद्रा युनायटेड या संघानें घेतलें. पुढील वर्षीं ते एअर इंडियाच्या संघांत गेले, आणि २००२ सालीं पुनः महिंद्राकडे परतले.

येथें एक गोष्ट विशद केली पाहिजे. आपल्या देशांत फुटबॉलपटूला पगार मिळण्याच्या दोन रीति होत्या. पहिली जुनी रीति म्हणजे मोठ्या कंपन्या, बँका व सरकारी खातीं यांचे संघ. त्यांत खेळाडू हा बहुधा तेथील नोकरही असे. दुसरी रीति १९९६ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाल्यावर बळावली; तींत खेळाडू क्लबशीं ठराविक मुदतीचा करार करतो, व मुदत संपतांच त्याचा व क्लबचा संबंधही संपूं शकतो. या दुसऱ्या रीतींत पैसा अधिक, पण निर्धास्तपणा कमी. जमील हे या स्थित्यंतराच्या काळांतील खेळाडू. मधल्या फळींत राहून आक्रमण व बचाव यांची सांगड घालणें हें त्यांचें काम असे. भारताच्या राष्ट्रीय संघांतूनही ते खेळले. २००५-०६ सालीं महिंद्रा युनायटेडनें राष्ट्रीय लीग जिंकली, त्या संघांत ते होते. त्या संघाचे शिक्षक डेरिक परेरा हे स्वतः गोव्याच्या साळगांवकर संघाचे एके काळचे नामांकित बचावपटू होते, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

फुटबॉलपटूचें आयुष्य मोठें थोडें असतें. वकील पन्नाशींत नांवारूपास येतो, वैद्य साठींतही रोगी तपासतो. परंतु फुटबॉलपटूचे पाय तिशी उलटतांच तक्रार करूं लागतात. पस्तिशीपुढें खेळणारे विरळाच. म्हणजे ज्या वयांत इतर लोक संसार स्थिरस्थावर करितात, त्याच वयांत खेळाडूला नव्यानें उपजीविका शोधावी लागते. जमील २००७ सालीं मुंबई एफ्. सी. या नव्या क्लबांत गेले, व २००९ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं खेळणें थांबविलें. त्याच वर्षीं त्याच क्लबानें त्यांस संघशिक्षक नेमलें.

संघशिक्षक, ज्याला इंग्लंडांत मॅनेजर म्हणतात, तो करतो काय ? प्रेक्षकांस तो मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करणारा गृहस्थ दिसतो. पण त्याचें खरें काम प्रेक्षक येण्यापूर्वींच झालेलें असतें. पंचवीस-तीस खेळाडूंतून अकरा निवडावयाचे. न निवडलेल्यांचें मन मोडूं द्यावयाचें नाहीं. कोणाचा गुडघा दुखावला आहे, कोणाची झोंप उडाली आहे, हें जाणावयाचें. प्रतिपक्षाचे मागील सामने पाहून त्याचें मर्म शोधावयाचें. आणि नव्वद मिनिटांच्या खेळांत केव्हां कोणाला बदलावें याचा निर्णय क्षणार्धांत घ्यावयाचा. जिंकल्यास श्रेय खेळाडूंचें, हरल्यास दोष शिक्षकाचा, असा या धंद्याचा अलिखित कायदाच आहे.

आणि हें काम केवळ पूर्वी खेळलों एवढ्या भांडवलावर मिळत नाहीं. आशियाई फुटबॉल महामंडळानें शिक्षकांसाठीं परीक्षांची शिडीच केली आहे. ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सर्वांत वर ‘प्रो’, अशा त्या पायऱ्या होत. प्रत्येक पायरीस अभ्यास, प्रात्यक्षिक व प्रत्यक्ष शिकविण्याचा अनुभव लागतो. जमील ही शिडी ‘प्रो’ पर्यंत चढले. म्हणजे मैदान सोडल्यावर त्यांस पुनः विद्यार्थी व्हावें लागलें.

मुंबई एफ्. सी. हा कांहीं श्रीमंत क्लब नव्हता. लीगमध्यें विजयास तीन गुण, बरोबरीस एक व पराभवास शून्य, असा हिशेब असतो. आणि वर्षाअखेर तळाशीं राहिलेल्या संघास खालच्या वर्गांत ढकललें जातें. शाळेंत नापास होण्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच, कीं येथें नापास झालें तर अनेकांच्या नोकऱ्या जातात. जमील यांनीं २००९ पासून २०१६ पर्यंत, सात हंगाम, या संघास त्या गर्तेंतून वांचविलें. अजिंक्यपद मिळालें नाहीं, वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले नाहींत. पण दर वर्षीं थोड्या साधनांत संघ उभा करावयाचा, ही विद्या त्यांस तेथेंच साध्य झाली.

त्या विद्येची कसोटी ईशान्येकडील डोंगराळ मिझोराम प्रांतांत लागली. ऐझॉल एफ्. सी. हा तेथील क्लब. २०११ च्या खानेसुमारींत सबंध मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आंत होती. आपल्या एकट्या बुलढाणा जिल्ह्याची त्याच वेळीं पंचवीस लाखांवर भरली. यावरून क्लब केवढ्या लहान मुलखाचा होता याची कल्पना यावी. २०१५-१६ च्या आय्-लीगमध्यें ऐझॉल तळाजवळ राहून खालच्या वर्गांत गेला होता. परंतु गोव्याच्या कांहीं क्लबांनीं लीगमधून अंग काढून घेतल्यामुळें जागा रिकाम्या झाल्या, व ऐझॉलला परत बोलावण्यांत आलें. असा हा जवळजवळ बुडालेला संघ जमील यांनीं हातीं घेतला. मिझो तरुणांच्या जोडीस त्यांनीं मुंबईचे जयेश राणे व आशुतोष मेहता आणि सीरियाचा महमूद अल्-आम्ना असे खेळाडू मिळविले.

२०१६-१७ च्या हंगामांत दहा संघ होते व प्रत्येकास अठरा सामने खेळावयाचे होते. कलकत्त्याचा बलाढ्य मोहन बागान व ऐझॉल यांची अखेरपर्यंत चुरस चालली. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉल येथें या दोघांची गांठ पडली, आणि अखेरच्या दहा मिनिटांत झालेल्या एकमेव गोलानें ऐझॉलनें सामना जिंकला. आतां शेवटच्या दिवशीं, ३० एप्रिल रोजीं, शिलाँग येथें लाजाँग संघाशीं बरोबरी झाली तरी पुरे होतें. पण खेळ सुरू होऊन दहा मिनिटेंही झालीं नाहींत तोंच लाजाँगनें गोल केला. इकडे मोहन बागान आपला सामना जिंकीत होता. अशा वेळीं घाबरलेला संघ सर्वस्व पणास लावून पुढें धांवतो आणि दुसरा गोल खातो. ऐझॉलचे खेळाडू मात्र शिस्तीनें आपापल्या जागीं राहिले. उत्तरार्धांत त्यांनीं गोल फेडला, सामना १-१ असा सुटला, आणि ३७ विरुद्ध ३६ अशा एका गुणानें ऐझॉलनें अजिंक्यपद पटकाविलें. ईशान्य भारतांतील क्लबानें ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामांत, जमील यांनीं सोडलेला मुंबई एफ्. सी. तळाशीं राहिला ! संघशिक्षकाचें मोल किती, हें यावरून वाचकांनींच ठरवावें.

यानंतर सारें सुरळीत झालें असें मात्र नाहीं. कलकत्त्याच्या ईस्ट बेंगाल व मोहन बागान या दोन्ही क्लबांनीं त्यांस बोलाविलें, पण दोन्हीकडे त्यांचा मुक्काम अल्पकाळच ठरला. २०२१ च्या आरंभीं इंडियन सुपर लीगमधील नॉर्थईस्ट युनायटेडचा परदेशी शिक्षक गेल्यावर तात्पुरता कारभार त्यांजकडे आला. त्यांनीं संघास उपांत्य फेरीपर्यंत नेलें, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांस कायम करण्यांत आलें. त्या लीगमध्यें असा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय होत. पण लगेच पुढील हंगामांत तो संघ तळाजवळ घसरला. पुढें जमशेदपूर एफ्. सी. हा संघ त्यांनीं सांवरला, आणि २०२५ सालीं सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. तेथें गोव्यानें त्यांस हरविलें. १ ऑगस्ट २०२५ रोजीं भारताच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. गोव्याचे सावियो मेदेरा यांजनंतर तेरा वर्षांनीं हें पद भारतीय माणसाकडे आलें. सप्टेंबरांत मध्य आशियांतील स्पर्धेंत भारतानें ओमानला हरवून तिसरें स्थान मिळविलें. पण ऑक्टोबरांत मडगांव येथें सिंगापूरकडून पराभव झाला व आशियाई चषकाचें दार बंद झालें. एका महिन्यांत हार आणि प्रहार !

मग पालकांच्या प्रश्नाचें उत्तर काय ? खेळून पोट भरतें. पण फारच थोड्यांचें, आणि तेंही थोडींच वर्षें. जमील यांस दुसरा व दीर्घ व्यवसाय दिला तो नुसत्या पायांनीं नव्हे, तर खेळ संपल्यावरही शिकत राहण्याच्या संवयीनें. ऐझॉलला संधि मिळाली ती इतरांनीं जागा सोडल्यामुळें, हें खरें. परंतु सात वर्षें कोणी पाहत नसतां केलेली मेहनत गांठीं नसती, तर ती संधि तशीच निघून गेली असती. म्हणून पालकांस आमची विनंति, कीं मुलाच्या हातांतील पुस्तक आणि पायांतील चेंडू यांस एकमेकांचे वैरी मानूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस इतकेंच सांगणें, कीं मैदानांत मन लावून खेळा, पण घंटा झाली कीं तितक्याच मनानें वर्गांत या. जो चांगला विद्यार्थी राहतो, तोच पुढें चांगला शिक्षक होतो. मग तें वर्गांतील फळ्यापुढें असो, वा मैदानाच्या कडेला.