जुन्या पिकअपवर पैसा कुठे घालावा

जुन्नर तालुक्यातला टोमॅटो वाशीला जातो तो माळशेज घाट उतरून. आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असा तो रस्ता. म्हणजे भरलेली गाडी उतरते आणि रिकामी गाडी चढते. या भागातल्या जुन्या पिकअपवर पैसा कशावर घालायचा, याचा निम्मा निर्णय एवढ्या एका गोष्टीत आहे. तरीही गॅरेजमध्ये येणारा बहुतेक मालक पहिली मागणी करतो ती ताकदीची.

माझ्या मावसभावाचंही तेच होतं. त्याची बोलेरो पिकअप जुनी, साध्या डिझेल पंपाची. 2523 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो आहे, पण आताच्या गाड्यांसारखा कॉम्प्युटर नाही. हंगाम सुरू होण्याआधी गाडीवर थोडा पैसा घालायचा म्हणून तो आळेफाट्याकडच्या एका गॅरेजमध्ये गेला आणि मीही सोबत गेलो. जुन्या गाडीचं काम जवळून बघायची मला आवड आहे, आणि तिथले मिस्त्री बोलत बोलत काम करणारे आहेत.

"मामा, गाडी ओढत नाय. पंपाचा स्क्रू थोडा आवळून द्या," भाऊ म्हणाला.

"आधी ओढत होती का?"

"होती की. नवी होती तवा मस्त होती."

"मग तिचं गेलंय ते शोधू. नवं घालायचं नंतर बघू."

मिस्त्रींच्या या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पंपाचा स्क्रू आवळला की जास्त डिझेल जातं, पहिल्या दिवशी गाडी पळते आणि मालक खूश होऊन जातो. पण डिझेल वाढलं तरी हवा तेवढीच राहते. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूचं तापमान चढतं आणि त्याचा मार पिस्टन, हेड गॅस्केट आणि टर्बो यांच्यावर बसतो. वाढलेली ओढ झिजलेल्या क्लच प्लेटला पेलत नाही, ती सटकू लागते. नव्या कॉमन रेल गाड्यांना बाजारात जे चिपचे डबे मिळतात त्यांतले बरेचसे वेगळ्या वाटेने तेच करतात. रेलमधला दाब प्रत्यक्षात आहे त्याहून कमी असल्याचं इंजिनच्या कॉम्प्युटरला भासवतात, मग तो दाब वाढवतो. जुन्या इंजिनवर यातलं काहीही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिस्त्रींनी स्क्रूला हात लावला नाही. बॉनेट उघडून टर्बोकडून येणारा रबरी पाइप हाताने चाचपला, मग पोराला केबिनमध्ये बसवून रेस द्यायला लावली. पाइपच्या खालच्या बाजूला, क्लिपपाशी, एक उभी चीर होती. नुसतं वरून बघून ती दिसत नव्हती. रेस वाढली की बोटाला फुंकर लागायची. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात पोचण्याआधी तिथून निसटत होती. एअर फिल्टरचा कागद मातीने भरलेला. चारही नोझल काढून पंप-नोझलवाल्याकडे पाठवले, तिथे हाताच्या पंपावर एकेक तपासले. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक येतो आणि दाब सुटताच कच्चकन बंद होतो. एकाचा फवारा एका बाजूला झुकत होता आणि टोकाला थेंब लोंबत होता. तो बदलला, बाकीचे साफ करून दाब लावून दिले. टॅपेटचा गॅप लावला. पाइप, फिल्टर, नोझल, टॅपेट यांच्यात इंजिनची गेलेली ओढ परत आली.

कापडी, सुळकेदार स्पोर्ट्स फिल्टरचा विषयही निघाला. शेताच्या वाटेवर, खळ्यावर, कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो घालू नये. हवा मोकळी मिळते, पण बारीक धूळ आत शिरते आणि सिलिंडर घासते. शिवाय तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. कंपनीच्या डब्यातला कागदी फिल्टर वेळेवर बदलणं हेच खरं काम.

आमच्याकडे आणखी एक सुधारणा सर्रास केली जाते, ती म्हणजे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. मग इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही, डिझेल जास्त लागतं आणि झीज वाढते. गाडी तापते ती बहुतेक वेळा बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरल्यामुळे. रेडिएटर साफ करून घ्यावा, कूलंट घालावं आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवावा.

आता ब्रेक. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच्यावर गेला आणि तो जायलाच हवा होता. भरलेली गाडी पावणेतीन टनांच्या आसपास भरते. एवढं वजन शंभर मीटर खाली उतरताना जी ऊर्जा निघते तिच्यात आठ लिटर गार पाणी उकळेल. इंजिनने रोखून धरली नाही तर ती जवळजवळ सगळी ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते, आणि घाट काही शंभर मीटरवर थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 प्रतीचं नवं कोरडं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पॅडल थेट खाली जातं. भावाच्या गाडीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. ते पूर्ण काढून नवं भरलं. मागचे व्हील सिलिंडर पाझरत होते ते बदलले, लायनर नवे टाकले, ड्रम लेथवर साफ केले, पुढचे पॅड चांगल्या प्रतीचे घातले. घाटात हीच गाडीची खरी ताकद आहे.

याच वेळी मिस्त्रींनी मला गाडीखाली बोलावून एक बारीक दांडी दाखवली. मागच्या ॲक्सलवरून निघून ती चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी भरली की कमानीचे पाटे बसतात, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आता मालक जास्त माल भरता यावा म्हणून मागे एकदोन पाटे वाढवतो. वजन असूनही मागचा भाग उंचच राहतो. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचा दाब कमीच ठेवतो. म्हणजे माल वाढवला आणि ब्रेक कमी केला! पाटे वाढवणाऱ्या कितीतरी जणांना हे कोणी सांगतच नाही, याचा मला फार राग येतो.

भावाच्या मनातही पाटा वाढवायचं होतं. ते रद्द झालं. पाटे वाढवल्याने ॲक्सल, बेअरिंग, चॅसी, ब्रेक यांची क्षमता वाढत नाही आणि आरसी बुकातलं वजनही वाढत नाही. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20 हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. बसलेले जुने पाटे काढून कमान पुन्हा मूळ मापावर आणली, शॅकलचे बुश बदलले, यू बोल्ट नवे टाकले. भरून एक फेरी झाल्यावर ते पुन्हा आवळायला या, असं मिस्त्रींनी दोनदा बजावलं.

टायरचं थोडक्यात सांगतो. मूळ मापाचेच, पुरेशा भारक्षमतेचे रेडियल घ्यावेत आणि एका ॲक्सलवर नायलॉन नि रेडियल मिसळू नयेत. मोठ्या मापाच्या टायरने गाडी रुबाबदार दिसते, पण गिअरची ओढ कमी होते आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही.

दिव्यांवर मात्र कमी पैशात मोठं काम होतं. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज गळतं. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. मिस्त्रींनी बॅटरीपासून जाड वायर ओढून हेडलाइटला रिले बसवले, चॅसीला अर्थिंग नीट केली आणि बल्ब कंपनीच्याच 60/55 वॅटचे ठेवले. पावसाळ्यात माळशेजला धुकं उतरतं तेव्हा भगभगीत पांढरा एलईडी उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. मागे रिफ्लेक्टरची पट्टी नवी लावली.

कायद्याचं भान ठेवूनच हे सगळं करायचं. कलम 52 प्रमाणे आरसीतल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. आम्ही केलेल्या कामांत आरसीतली एकही नोंद बदलावी लागली नाही.

पिकअप चालवणाऱ्या आणि बाळगणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. इंजिन थांबलं की ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूमही थोड्याच वेळात संपतो. आणि येत्या हंगामाआधी गॅरेजमध्ये गेलात तर पंपाच्या स्क्रूचं नाव काढण्याआधी ब्रेक ऑइल बदलायला सांगा आणि मागच्या ॲक्सलवरची ती दांडी जागेवर आहे का, ते स्वतः वाकून बघा.