गोठ्यात मोजावयाचा रोहिणी-रक्तदाब

रक्तदाब प्रथम मोजला गेला तो मनुष्याचा नव्हे, घोडीचा. स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने तिच्या मांडीतील रोहिणीला काचेची नळी जोडली असता रक्त ८ फूट ३ इंच चढले, अशी नोंद त्याच्या १७३३ सालच्या ग्रंथात आहे. तरीही भूल दिलेल्या जनावराचा रक्तदाब रुग्णालयाबाहेर क्वचितच मोजला जातो. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थेत जे साधते, ते बदलापूरजवळच्या शिरगावातील गोठ्यात, किंवा त्याच लोहमार्गावर पुढे नेरळहून चढून गेल्यावर मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानातील घोड्यांच्या बाबतीत कसे साधावे?

बाह्यपट्टीची विद्युत्‌चलित उपकरणे सुटसुटीत खरी. परंतु पट्टीची रुंदी अवयवाच्या परिघाच्या सुमारे ४० टक्के नसेल तर ती फसवितात. पट्टी अरुंद असल्यास दाब वाजवीपेक्षा अधिक दिसतो, आणि धोक्यातील जनावर सुरक्षित भासते. नाडी अनियमित असताना तर त्यांचा भरवसा धरूच नये.

याहून विश्वसनीय साधन आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. रोहिणीत बारीक नलिका बसवून तिला हेपारिनयुक्त लवणद्रावाने भरलेली नळी जोडावयाची, व नळीचे दुसरे टोक माणसाच्या रक्तदाबासाठी वापरतात त्याच निर्द्रव दाबमापकाच्या तबकडीस. द्राव व तबकडी यांमध्ये हवेचा स्तंभ राखावा. तबकडीत द्राव शिरला की ती निकामी झालीच म्हणून समजावे. काटा नाडीबरोबर किंचित हलतो व माध्य दाब दर्शवितो. आकुंचन-प्रसरणाचे स्वतंत्र आकडे येथे मिळत नाहीत, पण भुलेच्या वेळी निर्णय माध्य दाबावरच करावयाचा असतो. घोड्यात तो ७० मिलिमीटर पाऱ्याखाली बराच काळ राहिल्यास अंगाखाली दबलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही घोडा उभा राहू शकत नाही. कुत्र्यात ६० ही मर्यादा मानतात.

चूक होते ती बहुधा पातळीत. द्राव व हवा जेथे भेटतात ती सीमा हृदयाच्या पातळीवर हवी. उताण्या घोड्यात खांद्याच्या सांध्याशी, कुशीवर असल्यास उरोस्थीशी. ती १० सेंटिमीटर खाली घसरली तर दाब सुमारे ७ मिलिमीटरने अधिक दिसतो. तबकडी कोठेही टांगावी.

घोड्यात नाडी पाहावयाची ती जबड्याच्या कडेवरील मुखरोहिणी, गाई-म्हशींत कानाची रोहिणी, कुत्र्यात मागील पायाच्या पृष्ठभागावरील रोहिणी सोयीची. नलिकेवर ठळक खूण करावी, कारण औषध चुकून तीतून गेल्यास कानाची पाळी सडू शकते. नलिका काढल्यावर ती जागा काही मिनिटे घट्ट दाबून धरावी.