लठ्ठपणा : शिल्लक एक, कारणे अनेक

रुग्णालयाच्या कारभारात काही हितचिंतकांकडून एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. जो केवळ कमी खाल्ल्याने बरा होईल, त्या लठ्ठपणावर धर्मादाय निधी का खर्चावा? प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यक हा त्याचा विषय नव्हे. तथापि आमच्या डॉक्टरांकडून जे समजले, ते येथे नम्रपणे मांडीत आहे.

शरीरात ऊर्जेचा जमा-खर्च चालतो आणि उरलेली शिल्लक चरबीच्या रूपाने साठते, हे खरेच. परंतु ताळेबंद केवळ शिल्लक दाखवितो. ती का उरली, हे सांगत नाही.

वजनकाटा तर शिल्लकही नीट दाखवीत नाही, हे पुण्यातूनच जगापुढे आले. येथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

कारणांकडे पाहू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये लठ्ठपणाचे चार प्रकार मांडले. काहींच्या मेंदूला तृप्तीची जाणीव उशिरा होते, त्यामुळे एका बैठकीत अधिक अन्न लागते. काहींचे जठर लवकर रिकामे होते व पोटभर जेवूनही थोड्याच वेळात भूक लागते. काही जण चिंता किंवा दुःख यांत खाण्याचा आधार शोधतात. काहींचे शरीर मुळात ऊर्जाच कमी खर्च करते. प्रकार पाहून औषध दिलेल्या रुग्णांचे वजन वर्षभरात सरासरी १५.९ टक्के घटले. प्रकार न पाहता औषध दिलेल्यांचे ९ टक्के. हा अभ्यास अंतिम नव्हे, परंतु दिशा दाखविणारा आहे.

उपचारांचा विचारही याच अंगाने करावा लागतो. सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधे भूक आवरतात; परंतु ती महाग आहेत आणि बंद केल्यावर गेलेले वजन बहुधा परत येते. शस्त्रक्रियेने जठर लहान होते, मनातील दुःख नव्हे. म्हणून औषध किंवा शस्त्रक्रिया यांच्या जोडीला आहारतज्ज्ञ व समुपदेशक हवेतच.

रुग्णांच्या कुटुंबीयांस विनंती, की ताटावर बसलेल्या माणसास टोमणे मारू नयेत. जो दुःखात खातो, तो त्या टोमण्याने आणखी खातो, आणि दवाखान्याची पायरी चढण्यास लाजतो.

देणगीदारांस एवढेच निवेदन, की यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते; समुपदेशकाने रुग्णाजवळ बसून ऐकलेल्या एका तासावर ती लावता येत नाही. तरीही उपचाराची सुरुवात पुष्कळदा त्याच तासात होते. आपल्या दानाचा काही अंश त्या तासासाठी राखून ठेवावा, ही प्रार्थना.