जमिनीलगत उडणारं विमान: समज आणि वस्तुस्थिती

८ मे २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या लेक बेरिएसा या डोंगरांनी वेढलेल्या जलाशयावरून एक छोटं विमान पाण्यालगत उडत अरुंद घळीत शिरलं आणि काही क्षणांत कड्यावर आदळलं. आत दोघे होते, दोघेही गेले. विमान आयकॉन ए-५, पाण्यावरही उतरू शकणारं, दोन आसनांचं. चालवत होते जॉन कार्काऊ, त्याच विमानाच्या रचनेतले प्रमुख अभियंते.

अशी बातमी आली की पहिला संशय इंजिनावर जातो. इथे तपासात विमानात कोणताही बिघाड आढळला नाही. जलाशयात नावेत बसलेल्या साक्षीदाराने तर इंजिनाचा आवाज चढल्याचं ऐकलं. विमान साधारण १०० फुटांपर्यंत वर आलं, डावीकडे वळू लागलं आणि तेवढ्यात समोर डोंगर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष असा की, कमी उंचीवर उडताना वैमानिकाने डोंगरापासून पुरेसं अंतर राखलं नाही आणि उभ्या चढाने वेढलेल्या त्या घळीत तो चुकून शिरला.

मग वळून परत का आला नाही? ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान ४५ अंश कलवलं, तर वारा नसतानाही पूर्ण माघारी फिरायला सुमारे १६० मीटर रुंदी लागते. आणखी कलवलं तर कमी जागेत वळेल हे खरं, पण ६० अंशांवर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. वेग त्याखाली घसरला की इंजिन पूर्ण जोरात चालू असलं तरी पंख विमान पेलत नाहीत. अशा वेळी नाक खाली करून वेग परत मिळवायचा, हे प्रत्येक वैमानिकाला शिकवलेलं असतं. त्यात उंची मात्र खर्च होते, आणि पाण्यालगत ती शिल्लकच नसते. म्हणून 'खालून उडालं तर धोका कमी' हा समज साफ उलटा आहे. उंची म्हणजे विचार करायला मिळणारा वेळ. ३० मीटरवरून सोडलेली वस्तू अडीच सेकंदांत जमिनीवर येते.

दुसरा समज विमानाबद्दलचा. ए-५ सहजासहजी गिरक्या घेत कोसळू नये अशीच त्याची रचना आहे. पंखांची पकड कितपत उरली आहे ते दाखवणारं उपकरण वैमानिकाच्या डोळ्यांसमोर असतं, शिवाय अख्खं विमान तोलणारं पॅराशूटही असतं. पण पॅराशूट उघडून फुलायला उंची लागते. आणि समोरच्या कड्यापुढे गिरकीरोधक रचनेचा काय उपयोग?

'अनुभवी माणूस चुकत नाही' हे तर कार्काऊंसारख्या माणसाकडे पाहून म्हणताच येत नाही. या अपघातानंतर, ऑक्टोबर २०१७ मध्ये, कंपनीने कमी उंचीवरच्या उड्डाणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढच्याच महिन्यात, ७ नोव्हेंबरला, बेसबॉलचा नामवंत खेळाडू रॉय हॅलाडे फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ स्वतःच्या ए-५मध्ये एकटाच असताना मरण पावला. तोही पाण्यालगत कसरती करत होता. तपासात त्याच्या शरीरात मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यंही सापडली, ती बाब वेगळी आणि गंभीर आहे. पण विमान सावरायला खाली जागा नव्हती, हे दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडे २३ जून १९८० रोजी दिल्लीत संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना यांचा बळी गेला, तोही छोट्या विमानातून कमी उंचीवर कसरती करतानाच.

नियमाने चालतं म्हणजे सुरक्षित, असंही लोक धरून चालतात. अमेरिकेत दाट वस्तीवर किमान १,००० फूट आणि इतरत्र ५०० फूट उंची ठेवावी लागते, पण मोकळ्या पाण्यावर माणसं, नावा आणि बांधकामांपासून ५०० फूट अंतर राखलं की खाली उडायला मुभा आहे. कड्याला ही मुभा माहीत नसते.

पर्यटनस्थळी कुणी छोट्या विमानातून फेरी मारायला बोलावलं तर जरूर जा. मात्र 'जरा खालून नेऊ का, मजा येईल' असं वैमानिकाने विचारलं, तर संकोच न करता नको म्हणा.