देशमुख घराणी आणि कुलदैवते (सातारा व सांगली जिल्हे)

आदिलशाही व मराठा काळात आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या प्रदेशात देशमुखी वतन असलेल्या लढाऊ मराठा घराण्यांचे स्थानिक वर्चस्व होते. फलटणचे नाईक निंबाळकर, म्हसवडचे माने, जावळीचे मोरे आणि जतचे डफळे ही त्यांपैकी प्रमुख घराणी होत. त्यांचे नेतृत्व वतन, भाऊबंदांचे पाठबळ आणि कुलदैवताच्या सेवेतील मान या तीन आधारांवर उभे होते.

वतन आणि वडीलपणा

देशमुख हा परगण्याचा वंशपरंपरागत प्रमुख असे. सारावसुली, बंदोबस्त आणि शिबंदी बाळगणे ही त्याची कामे होती. मोबदल्यात त्याला हक्क, इनाम जमिनी व मानपान मिळत. सत्ता बदलली तरी वतन सहसा घराण्यातच राही. डफळे हे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटीलकीवरून त्यांना हे आडनाव मिळाले. वडीलपणा कोणत्या शाखेकडे, यावरून भाऊबंदांत दीर्घ तंटे चालत. असे तंटे गोतसभेपुढे येत आणि निवाड्याचा महजर होई. पुरावा अपुरा पडल्यास देवासमोर शपथ किंवा दिव्य करावे लागे. त्यामुळे वतनाच्या वादात दैवत हे साक्षीदारही ठरे.

दैवते

या प्रदेशातील अनेक दैवतांचे स्वरूप योद्ध्याचे आहे. पाली (जि. सातारा) येथील खंडोबा हा मणी-मल्ल दैत्यांचा संहारक, खड्गधारी व अश्वारूढ देव असून पौष महिन्यात तेथे खंडोबा-म्हाळसेचा विवाहसोहळा होतो. म्हसवडचा सिद्धनाथ हे भैरवाचे रूप मानले जाते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या त्याच्या रथयात्रेत माने घराण्याला मान असतो. याच देवाचे दुसरे प्रसिद्ध ठाणे सांगली जिल्ह्यातील खरसुंडी येथे आहे. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव हे भोसल्यांचे कुलदैवत असून तेथील तलाव मालोजी भोसले यांनी बांधविला. नवरात्रातील खंडेनवमीला होणारे शस्त्रपूजन आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन यांतून धर्माचार व मोहिमेचा आरंभ एकत्र येत.

कुळनिष्ठा आणि राज्य

कुळाची निष्ठा आणि राज्याची निष्ठा नेहमी एकाच दिशेने जात नसे. जावळीच्या मोऱ्यांना आदिलशाहीकडून ‘चंद्रराव’ हा किताब होता व तो घराण्याच्या प्रमुखाकडे वंशपरंपरेने चाले. 1656 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली आणि त्याच खोऱ्यात प्रतापगड उभारला. 10 नोव्हेंबर 1659 रोजी गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. पुढे 1661 मध्ये गडावर भवानीची स्थापना झाली. तुळजापूरची भवानी ही भोसल्यांची कुलदेवी. तिच्या स्थापनेमुळे मोऱ्यांच्या जुन्या मुलखात नव्या सत्तेचे दैवतही आले.

याउलट उदाहरण 1697 मधील आहे. सेनापती संताजी घोरपडे यांचा वध म्हसवडच्या नागोजी माने यांनी केला, असे बहुतेक साधने सांगतात. संताजींनी नागोजींचे मेहुणे अमृतराव निंबाळकर यांना ठार केले होते आणि त्याचा सूड हे कारण सांगितले जाते. मोगलांशी निकराची झुंज चालू असताना सोयरिकीतील वैराने मराठ्यांचा एक अत्यंत कुशल सेनानी गमावला गेला.

उत्तरकाळ

ब्रिटिश अमलात लष्करी अधिकार गेले, पण वतने टिकली. 1874 च्या कायद्याने त्यांचे नियमन झाले. 1948 मध्ये फलटण व जत ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. 1950 च्या कायद्याने परगणा वतने रद्द झाली. दक्षिण सातारा जिल्ह्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले. देशमुखीचे अधिकार संपले असले, तरी यात्रांमधील मानपान, विवाहातील देवक आणि कुलदैवताचे दर्शन या रूपांत कुळाची जुनी रचना आजही दिसते.